लडलोचा कोपरा

वसुआजी सिंगापूरला आली तेव्हा तिच्या बॅगेत मेतकूट होतं, भाजणी होती, माझ्यासाठी खणाचं एक पाऊच होतं आणि इंग्लंडमधली अकरा गावं होती.

गावं म्हणजे पिक्चर पोस्टकार्डं. आजीकडे इंग्लंडची जुनी कार्डं आहेत हे मी ऐकून होते, म्हणून ती मीच मागवली होती. आमच्या भूगोलाच्या मिस टॅननी प्रोजेक्ट दिला होता: एक जागा निवडा, तिची पन्नास वर्षांहून जुनी चित्रं मिळवा आणि तिथे काय काय बदललं ते वर्गासमोर उभं राहून सांगा. सगळ्यांनी चायनाटाउन नाहीतर कलांग नदी घेतली. मी हात वर केला आणि म्हटलं, श्रॉपशायर. मागून कोणीतरी म्हणालं, "चॉकलेट ब्रँड, इज इट?" मी वळून म्हटलं, "इंग्लंडमधला जिल्हा आहे, थांब, महिन्याभरात तुला पाठ होईल."

मागच्या वर्षीची मी असते तर हातच वर केला नसता. सेक थ्रीला, म्हणजे नववीला आल्यापासून माझं काहीतरी झालंय. मी बसमध्ये अनोळखी आंटींशी बोलते, कँटीनमध्ये चुकीची ऑर्डर आली तर परत करते. आई म्हणते तोंड सुटलंय. मी म्हणते आत्मविश्वास आलाय. दोघींचंही बरोबर असेल.

तर वसुआजी म्हणजे माझ्या आईच्या वडिलांची मोठी बहीण. तिचं वय ऐंशी. सांगलीच्या एका शाळेत तिने छत्तीस वर्षं भूगोल शिकवला. लग्न केलं नाही. आजोबा तिच्याहून तेरा वर्षांनी लहान. माझी आजी गेल्यापासून हे दोघं बहीणभाऊ सांगलीत एकत्र राहतात आणि गॅस कोणी बंद करायचा, पेपर आधी कोणी वाचायचा यावर दिवसभर भांडतात. ती त्यांना पदू म्हणते, ते तिला ताई म्हणतात. यंदा दोघं मिळून दोन महिन्यांसाठी आमच्या जुरोंग ईस्टच्या फ्लॅटवर राहायला आले.

आजोबांनीही माझ्यासाठी एक वस्तू आणली होती, त्यांच्या लहानपणचा पोस्टाच्या तिकिटांचा अल्बम. "आता हा तू सांभाळ," असं म्हणून त्यांनी तो अगदी दोन्ही हातांनी दिला. मी थँक यू म्हटलं, शेल्फवर ठेवला आणि खरं सांगायचं तर विसरले.

कार्डं बघायला आम्ही एका दुपारी बसलो. बाबा जुरोंग आयलंडला कामावर, आई पाया लेबारच्या ऑफिसात, आजोबा पंख्याखाली घोरत. आजीने एक जुनी नकाशावही उघडली. प्रत्येक पानावर एक कार्ड, चार कोपऱ्यांत चिरा पाडून अडकवलेलं. श्रूजबरी, ब्रिजनॉर्थ, ऑस्वेस्ट्री, एल्समिअर. चित्रांतले रंग जरा जास्तच होते, आकाश निळीत बुडवल्यासारखं आणि गवत तर विचारूच नका. ब्रिजनॉर्थच्या कार्डात डोंगराच्या कुशीला एक छोटी रेल्वे होती, खालच्या गावातून वरच्या गावात जाणारी. एल्समिअरच्या कार्डात तळं आणि तळ्याकाठी पाठमोरी बसलेली एक बाई. मी प्रत्येक कार्ड उलटून बघत होते. मागे शाईने, बारीक अक्षरात मराठी.

"कु. वसुधा यांस स.न.वि.वि. येथे फार थंडी आहे. या गावी बुधवारी बाजार भरतो. नदीवरील पूल दगडी असून जुना आहे. दूध चांगले मिळते. घरी सर्वांस सा. न. सांगावा. निशिकांत."

दुसऱ्यावरही तसंच. फक्त बाजार शुक्रवारी आणि पुलाच्या जागी चर्च.

"आजी, हा कोण होता? तुला वेदर रिपोर्ट पाठवायचा?"

"अगं, पोस्टकार्ड उघडं असतं," आजी म्हणाली. "आधी पोस्टमन वाचायचा. मग आमचे अण्णा वाचायचे. मग ते आईला वाचून दाखवायचे. मग शेजारच्या काकू इंग्लंडचं चित्र बघायला यायच्या आणि उलटून वाचूनही जायच्या. माझा नंबर पाचवा. काय लिहिणार तो बिचारा?"

"बॉयफ्रेंड होता?"

"तुझ्या तोंडाला काही फाटक आहे का?" ती म्हणाली, पण हसत म्हणाली. मग नकाशावहीचं पान सरळ करत राहिली. पान आधीच सरळ होतं.

मी तिला माझा टॅब दाखवला. श्रॉपशायरच्या गावांचे जुने फोटो आणि कार्डं जमवणाऱ्या कोणा माणसाची एक वेबसाइट मला सापडली होती. गावावर बोट ठेवलं की त्या गावाची पन्नास-पन्नास चित्रं उघडतात. मी म्हटलं, "बघ, तुझ्याकडे अकरा गावं आहेत. मुख्य म्हणता येतील अशी बारा होतात. फक्त लडलो राहिलंय. मी इथून लडलोचं एक मस्त प्रिंट काढते आणि तुझ्या वहीत लावते. सेट पूर्ण."

"लडलो नको."

"का? सगळ्यात सुंदर तेच आहे. किल्ला आहे, नदी आहे."

"माहीत आहे मला किल्ला आहे ते," आजी म्हणाली. "लडलो नको. ते आलं नाही."

आणि मग तिने मला सांगितलं. मी विचारलं म्हणून सांगितलं, की इतकी वर्षं कोणी विचारायचीच वाट बघत होती, देव जाणे.

निशिकांत मिरजेला डॉक्टर झाला होता. अडुसष्ट साली त्याला श्रूजबरीच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली. जायच्या आधी वाचनालयात दोघं भेटले. तिथे मोठा अॅटलास होता, त्यामुळे शेजारी शेजारी उभं राहिलं तरी कोणी काही म्हणायचं नाही. त्याने श्रॉपशायरवर बोट ठेवलं आणि म्हणाला, इथे बारा गावं आहेत. दर महिन्याला एकेक पाठवीन. लडलो शेवटी. तिथल्या दवाखान्यात कायमची जागा निघणार आहे. ती मिळाली आणि दोघांना पुरेल असं घर मिळालं, तरच लडलोचं कार्ड येईल. ते आलं की तू घरी सांग आणि मला एका ओळीचं उत्तर टाक. नाही जमलं, तर लडलो येणार नाही. मग तू मोकळी.

"अकरावं कार्ड ऑक्टोबरात आलं," आजी म्हणाली. "एकोणसत्तरच्या. मग मी वाट पाहिली."

"किती दिवस?"

"तसं मोजून नाही गं." तिने वही मिटली. "आमच्या गल्लीत पोस्टमन साडेअकराला यायचा. अजूनही साडेअकरा वाजले की मी काहीतरी काम काढून दाराशी जाते. आता तर कुरियरवाले येतात, आणि तेही केव्हाही. पण पाय जातात."

हे खरं होतं. इथे आमच्या नवव्या मजल्यावरसुद्धा ती रोज सकाळी त्या वेळेला दाराबाहेरच्या कुंडीला पाणी घालायची. मला वाटायचं झाडांची आवड.

"पण तू लिहायचंस ना त्याला. सरळ विचारायचं, काय रे, काय झालं?"

"ठरलं होतं ना आमचं. न आलेलं कार्ड हेच त्याचं उत्तर होतं. मिळालेल्या उत्तराला परत काय विचारायचं?"

दोन वर्षांनी तिला कळलं की तो कॅनडाला गेला, तिकडेच लग्न केलं. आठ वर्षांपूर्वी कळलं की तो वारला.

"तुला राग आला होता?"

"छप्पन्न वर्षं झाली राग येऊन," ती म्हणाली. "आता तो गेला तर चुकल्यासारखं होईल. जा, चहा टाक. आणि पदूला काही बोलू नकोस. त्याला यातलं काही माहीत नाही."

मी चहा टाकला. साखर दोनदा घातली.

त्यानंतरच्या शनिवारी मी प्रोजेक्टच्या स्लाइड्स करत होते. एका स्लाइडवर त्या काळची इंग्लंडची तिकिटं टाकावीत असं डोक्यात आलं आणि आजोबांचा अल्बम आठवला. आजोबा इतके खूश झाले की चष्मा शोधताना तो डोक्यावरच असल्याचंही त्यांना सांगावं लागलं. तिकीट कार्डावरून कसं सोडवायचं हे त्यांनी मला शिकवलं: ताटलीत पाणी घ्यायचं, त्यात तुकडा तरंगत ठेवायचा, घाई करायची नाही, तिकीट आपणहून सुटतं. ओढलं की मेलं.

इंग्लंडचं पान आलं. सगळी तिकिटं पातळ, नीट सोडवलेली. एकच तेवढं जाड होतं. राणीचं चित्र, आणि ते अजून कार्डाच्या फाटक्या तुकड्यावर चिकटलेलं. तुकड्यासकट अल्बममध्ये डकवलेलं.

"हे का नाही सोडवलं?"

आजोबा हसले. "ती एक गंमत आहे. ताईला सांगणार नसशील तर सांगतो."

मी काही म्हटलं नाही. त्यांनी ते हो असं धरलं.

"ताईला कोणाचीतरी इंग्लंडहून कार्डं यायची. मला हात लावू द्यायची नाही. अकरा कार्डं, अकरा राण्या, आणि माझ्या अल्बममध्ये एकही नाही. वर्गात सगळे चिडवायचे. एक दिवस पोस्टमन मला गल्लीच्या तोंडाशीच भेटला. म्हणाला, हे घे रे घरी. मी म्हटलं आता सोडतो की काय. भिजवायला वेळ कुठला. टर्रकन कोपराच फाडला. तिकीट खिशात घातलं, आणि मग बघतो तर माझ्या हातात कोपरा फाटलेलं कार्ड."

"मग?"

"मग म्हणजे काय? कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कोणीतरी गेलं. आमच्याकडे कोणी वारल्याचं पत्र तसंच यायचं. ते उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. बाहेरच वाचायचं, फाडून टाकायचं, अंघोळ करायची. मी अकरा वर्षांचा होतो गं. मला वाटलं, हे असं घरात नेलं तर आता कोणीतरी मरणारच. आई डोळ्यांसमोर आली. तसाच पळत आयर्विन पुलावर गेलो आणि दिलं कृष्णेत सोडून. वर कपड्यांसकट अंघोळ केली, घाटावर." ते हसत हसत डोळे पुसायला लागले. "महिनाभर रोज सकाळी मी घरातली माणसं मोजायचो. सगळी उठली का. कोणी गेलं नाही बरं का. पण त्या तुकड्याला पाण्यात घालायचा धीर मला कधी झाला नाही."

मी फोनने तुकड्याचा फोटो काढला आणि मोठा करून पाहिला. पोस्टाचा गोल शिक्का, अर्धा राणीच्या गालावर, अर्धा कार्डावर. वर गावाचं नाव. सहा अक्षरं, एल पासून डब्ल्यू पर्यंत. खाली नोव्हेंबर १९६९.

"मिळालं का तुला जे हवं होतं ते?" आजोबांनी विचारलं.

मी म्हटलं, हो.

बसमधल्या आंटींशी बोलणारी, ऑर्डर परत करणारी मी त्या दिवशी जेवताना एक शब्द बोलले नाही. आईने कपाळाला हात लावून बघितला. मला दोन गोष्टी माहीत होत्या आणि त्या सांगणारे दोघंजण माझ्या समोर बसून लोणच्याच्या बरणीवरून भांडत होते. आजोबा म्हणत होते झाकण नीट लाव ताई, आणि आजी म्हणत होती तू जन्माला यायच्या आधीपासून मी झाकणं लावतेय. पुढच्या शुक्रवारी दोघांचं परतीचं विमान होतं. तिकडे गेल्यावर त्या घरात ही दोघंच. मी आजीला सांगितलं तर ती आजोबांशी बोलणंच टाकेल. नाही सांगितलं तर आजी साडेअकराला दाराशी जात राहील.

रविवारी सकाळी आई-बाबा टेक्का मार्केटला भाजीला गेले. मी आजोबांना म्हटलं, चला, खाली कोपी, म्हणजे इथली कॉफी प्यायला. आजोबांना खालचं खाण्याच्या स्टॉल्सचं हॉकर सेंटर फार आवडतं. टेबल अडवायला कागदी रुमालांचं पाकीट ठेवायचं हे ते पहिल्या दिवशीच शिकले आणि त्यांना अजूनही वाटतं की ही युक्ती सांगलीला चालेल. ते पाकीट ठेवून ऐटीत बसले. मी कोपी आणली आणि सगळं सांगितलं. वाचनालय, अॅटलास, बारा गावं, लडलो शेवटी. मग फोनवरचा शिक्का दाखवला.

त्यांनी कप खाली ठेवला तो बशीच्या बाहेर.

"शेवटचं म्हणजे तेच?"

"तेच."

"मला माहीत नव्हतं गं."

"मला माहितेय आजोबा."

बराच वेळ ते समोरच्या स्टॉलवर टांगलेल्या भाजक्या बदकांकडे बघत होते. एरवी तिकडे बघायचेही नाहीत. मग म्हणाले, "नको सांगू तिला. आता तो माणूसही नाही. काय उपयोग? आणि आम्ही दोघंच आहोत तिथे. ती माझ्याशी बोलली नाही तर मी कोणाशी बोलू?"

मी सिंगापूरमधल्या कुठल्याही माणसाशी वाद घालू शकते असं मला वाटत होतं. पण आजोबांचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता.

"ती रोज साडेअकराला दाराशी जाते," मी म्हटलं. "ते का, ते तुम्हाला माहितेय?"

"मला वाटायचं पाय मोकळे करते."

"तिला वाटतं ते कार्ड आलंच नाही."

आजोबांनी रुमालांचं पाकीट उचललं, घडी घातली, परत उलगडली. मग उठले. कोपी तशीच राहिली.

आजी टेबलाशी मेथी निवडत होती. आजोबांनी खोलीतून अल्बम आणला, ते पान उघडलं आणि मेथीच्या शेजारी ठेवलं.

"ताई, हे तुझं आहे."

आजीने हात पुसले, चष्मा लावला. शिक्का वाचायला तिला माझा फोन लागला नाही. तिने तुकड्यावर बोट ठेवलं, गावाच्या नावाखाली, शाळेत नकाशावर ठेवतात तसं.

"हे कुठून आणलंस?"

त्यांनी सांगितलं. काल मला सांगितली तीच गोष्ट, पण आता त्यात गंमतीची एकही जागा नव्हती. गल्लीचं तोंड, टर्रकन, पूल. ते उभ्यानेच बोलत होते. आजी ऐकत होती आणि मेथीची एकच काडी बोटांत फिरवत होती.

"मजकूर वाचलास?" एवढंच तिने विचारलं.

"नाही." मग ते थांबले. "वाचला नाही, पण दिसला. बाकीच्या कार्डांवर भरपूर असायचं. त्याच्यावर दोनच ओळी होत्या."

"दोनच," आजी म्हणाली.

"दोनच. नक्की."

आजीने डोळे मिटले. मग म्हणाली, "ऋग्वेदा, पाणी आण."

मी पळत जाऊन ग्लास भरून आणला. तिने माझ्याकडे बघितलं. "प्यायला नाही. ताटलीत. याच्या मागे चित्र असेल."

आजोबांनी अल्बमचा तो भाग ब्लेडने कापला आणि ताटलीत सोडला. छप्पन्न वर्षांचा गोंद. वीस मिनिटं तिघं जण एका ताटलीभोवती बसून होतो. आजोबांचा हात दोनदा पुढे आला आणि दोनदा आजी म्हणाली, "ओढू नकोस." घड्याळात साडेअकरा वाजले. मी आजीकडे बघत होते. ती उठली नाही.

"बिचारा," ती मध्येच म्हणाली. पहिल्यांदा मला वाटलं आजोबांबद्दल बोलतेय. "त्याने पण वाट पाहिली असेल. माझ्या एका ओळीची."

पाण्यात अल्बमचा कागद आपणहून सुटला.

तुकड्याच्या मागे नखाएवढं निळं आकाश होतं आणि एक धुरांडं. धुरांड्यावर तीन नळकांडी, त्यांतलं मधलं मोडकं. बस, एवढंच. पण मी आता त्या वेबसाइटची राणी होते. तिकीट मागच्या बाजूला उजवीकडे, म्हणजे चित्रात वरचा डावा कोपरा. मी टॅबवर लडलो उघडलं आणि एकेका चित्राचा तेवढाच कोपरा बघत गेले. किल्ला, नाही. पूल, नाही. बाजार, नाही. एकोणतिसाव्या चित्रात मोडकं नळकांडं सापडलं.

ब्रॉड स्ट्रीट, लडलो. उतरता रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना एकमेकांना टेकलेली घरं, एक पांढरी गाडी, छत्री मिटलेला एक माणूस.

आजीने ओला तुकडा हलकेच उचलला आणि टॅबच्या काचेवर, चित्राच्या कोपऱ्यावर ठेवला. मी चित्र मोठं-लहान करून बरोबर मापाला आणलं. धुरांड्याला धुरांडं जुळलं. ती त्या रस्त्याकडे बघत राहिली, वरपासून खालपर्यंत, परत वरपर्यंत.

"यातलं कुठलं घेतलं असेल त्याने?" ती म्हणाली.

आजोबा मागे उभे होते. घसा साफ करून म्हणाले, "ते कोपऱ्यावरचं मोठं आहे, ताई."

"तू बोलू नकोस. तुझ्याशी मी सांगलीला गेल्यावर भांडणार आहे. इथे लेकीच्या घरी नको." मग चष्मा वर सरकवला. "आणि ते कोपऱ्यावरचं नकोच. पायऱ्या बघ किती आहेत."

"मग हे?" मी एका अरुंद, हिरव्या दाराच्या घरावर बोट ठेवलं.

"दोघांना पुरेल?"

"वर दोन खिडक्या आहेत. आणि गच्चीसारखं काहीतरी दिसतंय."

"ती गच्ची नाही, शेजाऱ्याचं छप्पर आहे. भूगोल घेतलायस ना तू?" ती अजून वाकली. तिचा श्वास काचेवर उमटला आणि गेला. "जवळ पोस्टाची पेटी आहे का बघ. अण्णांना दर आठवड्याला पत्र टाकावं लागलं असतं."

मी हिरव्या दाराच्या आसपास चित्र जितकं मोठं होईल तितकं केलं. सगळं फुटून ठिपके झाले. दारापासून चार पावलांवर एक लाल ठिपका होता. पेटी असेल, नाहीतर कोणाचातरी कोट.

"पेटीच आहे ती," आजोबा हळूच म्हणाले.

या वेळी आजीने त्यांना गप्प केलं नाही. तिने शेजारची खुर्ची पायाने थोडी मागे सरकवली, आणि ते बसले.

"हो," ती म्हणाली. "मग हेच."